आईच्या जागी लागलेला फोटो

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी व टचिंग (म्हणजे फोटोतले डाग ब्रशने घालवणे), सध्या निवृत्त, राहणार स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे. त्याचा दाखला घरची माणसं कंटाळून देतील. मला मरायची अजिबात घाई नाही. पण लिहून ठेवलेलं बरं असं वकीलसाहेबांचं मत पडलं, आणि ते समोर बसून जांभया देत आहेत, म्हणून सुरुवात करतो.

कलम १. राहत्या दोन खोल्या कन्येला आणि पुढचा स्टुडिओ चिरंजीवांना द्यावा. बँकेत जे असेल ते निम्मं निम्मं. मधल्या दाराला कोणी कुलूप लावलं तर दोघांचाही हक्क रद्द, असं लिहा म्हटलं, तर वकीलसाहेब म्हणाले कायद्यात बसत नाही. मग ती बापाची विनंती समजावी.

कलम २. स्टँडचा कॅमेरा, त्याचं काळं कापड, टचिंगचे ब्रश आणि पेन्सिली नातीला. वय बारा असलं तरी तिला नजर आहे. त्याच नजरेने तिने सहा वर्षांपूर्वी मला तोंडघशी पाडलं, ते पुढे येईलच.

कलम ३. शेजारच्या शिंपीभाऊंनी माझा उभा आरसा 'दोन दिवसांसाठी' नेला, त्याला तीस वर्षं झाली. तो आरसा मी त्यांना देत आहे. निदान आता तरी तो त्यांच्या मालकीचा होईल आणि मला बघून ते दुकानाचा पडदा ओढणार नाहीत.

कलम ४. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. हे कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे, तेव्हा वकीलसाहेबांनी जागं व्हावं.

ट्रंकेत आपल्या सगळ्या घराण्याचे फोटो आहेत आणि एकाच्याही मागे काही लिहिलेलं नाही. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो की फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव लिहा, शाईने नको, शाई पुढे उमटते. स्वतःच्या घरात मात्र 'आपल्याला माहीतच आहे की' म्हणून राहिलं. आता माहीत असलेली माणसं दोनच उरली, मी आणि माझी ताई, वय त्र्याऐंशी. त्यातही सायकल धरून उभा असलेला इसम मी मामांचा मित्र समजतो आणि ताई म्हणते तो दूधवाला. आम्ही दोघं गेलो की हे सगळे लोक परके होतील, रद्दीत जातील. मला मरणाची भीती वाटत नाही, याची वाटते.

म्हणून दर रविवारी कन्या, चिरंजीव आणि नात यांनी ताईला मध्ये बसवून ट्रंकेतला एकेक फोटो बाहेर काढावा. मागे नाव लिहावं आणि त्या माणसाची एक तरी गोष्ट वहीत उतरवावी. चिरंजीवांना ते मोबाइलवर टाकून सगळ्या नातेवाइकांना पाठवायचे आहेत. खुशाल पाठवावेत, पण गोष्टीसकट. नुसत्या चेहऱ्याखाली अंगठे दाखवून कोणी कोणाला ओळखत नाही.

अडचण एवढीच की ताई सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही.

कलम ५. कबुली. बाहेरच्या खोलीत दारासमोर आईचा म्हणून जो मोठा फोटो आहे, तो आईचा नाही. आई फोटोला उभीच राहायची नाही. ती गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो घरात नव्हता. वडील रोज विचारायचे, "तू फोटोग्राफर ना रे? मग?" शेवटी मी ताईचा एक फोटो घेतला, केस पांढरे केले, कपाळावर आठ्या काढल्या, गाल थोडे आत घेतले आणि चौकटीत बसवला. सगळे म्हणाले, हुबेहूब! वडिलांनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर खरं सांगायची हिंमत झाली नाही.

पण दुसऱ्यांचे डाग घालवण्यात हयात गेलेल्या या माणसाने ताईच्या डाव्या भुवईवरची खोक तशीच ठेवली. लहानपणी तिला मीच ढकललं होतं, त्यामुळे ती खोक मला चेहऱ्याचाच भाग वाटायची. पुढे ताईचे केस खरोखर पांढरे झाले. सहा वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला ताई त्या फोटोखाली बसली होती. नात भर खोलीत म्हणाली, "आत्याआजी, तुझा फोटो इथे का लावलाय?" सगळे हसले. ताईने चष्मा लावला, भुवईला हात लावला आणि उठली. जाताना एवढंच म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षं मी माझ्याच फोटोपुढे डोळे पुसले!" चहाही घेतला नाही.

कलम ६. आईचा एक फोटो मात्र आहे. स्टुडिओ उघडला त्या दिवशी घरच्यांना उभं करून मी पहिला फोटो काढला. लेन्सची टोपी काढून एक, दोन म्हणायचं, तेवढा वेळ कोणी हलायचं नाही. 'एक' म्हटलं आणि आई हलली. बाकी सगळे स्वच्छ आले. आईचे हात आणि हातातली पिशवी स्वच्छ, गळ्याच्या वर नुसतं धुकं. धंद्याचा पहिला फोटो बिघडल्याची लाज वाटली, म्हणून निगेटिव्ह काळी पडली असं सगळ्यांना सांगितलं. तो फोटो ब्रशच्या डब्यात तळाशी आहे. वर्षभरात आई गेली.

कलम ७. ताईला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. चमचासुद्धा नाही. कारण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलसाहेब सांगतात, आणि मला साक्षीदार म्हणून ताईच हवी आहे. कन्येबरोबर तसा निरोप धाडला आहे. सहीसाठी तरी ती येईल.

कलम ८. (वकीलसाहेबांचा विरोध डावलून सहीपूर्वी जोडलेले.) ताई आली. काठी आपटत आत आली नि म्हणाली, "कुठे सही करायची ते दाखव, मला जायचंय." मी म्हटलं, आधी वाच. सहाव्या कलमाशी थांबून तिने हात पुढे केला. "आण तो फोटो."

तो उजेडात धरून तिने चष्मा नाकावर सारला. मग म्हणाली, "हीच. हसताना असा एक खांदा वर जायचा तिचा. तोंड कशाला दिसायला हवंय?"

"पण ताई, ती हसली कशाला? चोपन्न वर्षं झाली, मला कळलेलं नाही."

"मी हसवलं. तू त्या कापडाखालून ऐटीत बाहेर आलास, आणि शर्टाची बटणं एक काज चुकवून लावलेली. मी तिच्या कानात म्हटलं, आई, मालक बघ."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणालास निगेटिव्ह काळी पडली. मला वाटलं, सुटले बाई."

म्हणजे आई माझ्याकडे बघून हसत होती, आणि तोच फोटो मी बिघडला म्हणून लपवून ठेवला. मला रडू आलं, ते इथे नोंदवतो. ताईने "पुरे आता" म्हणून पेन्सिल मागितली आणि फोटोच्या मागे लिहिलं: 'आई. धाकट्याची बटणं बघून हसताना.'

मोठा फोटो उतरवायचा का, असं विचारल्यावर म्हणाली, "राहू दे. मी गेल्यावर लावावाच लागेल, खिळा तरी वाचला." सबब तो तिथेच राहील आणि हा त्याच्या शेजारी लागेल. ट्रंक आजपासूनच उघडली आहे. सायकलवाला दूधवालाच होता, हे मी मान्य करतो.

दुसरे साक्षीदार म्हणून शिंपीभाऊंना बोलावलं; त्यांनाही मृत्युपत्रातून काही मिळायला नको, म्हणून आरसा आजच देऊन टाकला आणि कलम ३ रद्द केलं. सही करायला बसलो तर त्यांनी माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. आजही एक काज चुकलं होतं. ताई हसली, आणि तिचा एक खांदा वर गेला. बटणं तशीच ठेवून सही करतो.

स्थळ: स्टुडिओची मागची खोली
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार, सकाळी साडेअकरा

(सही)
लिहून ठेवणार

साक्षीदार १. (सही) शेजारचे शिंपी. शर्ट मी शिवला आहे, बटणं मी लावलेली नाहीत. आरसा मिळाला.

साक्षीदार २. (सही) थोरली बहीण. काही मिळालं नाही. चहा घेतला.