तानीचं हसणं जमलं नाही

७ ऑगस्ट ८२, भंडारा
महिना झाला, वहीला हात नाही. आज लिहू, उद्या लिहू. मधे पवनीत एका बँडवाल्याबरोबर आठवडाभर भटकलो, ते वेगळंच. आता पुन्हा अध्यापक विद्यालयात. तक्ते रंगवतो.

आज होणाऱ्या मास्तरांचे सराव पाठ. अक्षर सुरेख, पण सगळे फळ्याकडे तोंड करून बोलतात. मागून बोलून गेलो, "अशी पाठ दाखवली त आमच्या तानीले काय समजंल?"
या मास्तरांना शिकवणाऱ्या गजभिये बाईंनी वळून पाहिलं. "तानी कोण?"
सांगितलं. बहीण, दहा वर्षांची, ऐकू येत नाही. आमच्या गावच्या, आंबागडच्या गुरुजींनी दोन महिन्यांत पटावरून नाव काढलं. ऐकतच नाही त शिकवू काय, म्हणे. आमची दोघांची हातांची बोली आहे. बापू, आमचे वडील, म्हणजे मिशी पिळायची. मी म्हणजे तळहातावर चालत सुटलेली दोन बोटं.

९ ऑगस्ट
बाई म्हणतात, घेऊन ये तिला. या पोरांना कळू दे. जमलं तर इथल्याच सराव शाळेत बसवू, राहील माझ्या घरी.
तानी शाळेत!
होळीपासून भेट नाही. निघालो तेव्हा हात हलवून काही विचारत होती. 'केव्हा' असावं. मी गाडीत चढलो होतो.

१४ ऑगस्ट
गेलो नाही. म्हणजे तुमसरपर्यंत गेलो. पुढच्या गाडीला वेळ होता. टॉकीजसमोर पेंटर पोस्टर रंगवून राहिला होता. "भाऊ, आभाळ भरून देतोस का?" दोन दिवस निळं आभाळ भरलं. मग घरी तोंड दाखवायची लाज वाटली, आणि भंडाऱ्याची गाडी आधी लागली.
बाईंना सांगितलं, तानीला ताप आहे.
"मग तू कायले परत आलास?"
मी तक्ता रंगवायला घेतला.

१७ ऑगस्ट
तानीच्या जागी मलाच बसवलं, कानात कापूस कोंबून. तिच्या हातांनी बोललो. भूक लागली. तळ्यावर चल. बापू रागावले. पोरं आधी खिदळली, मग त्यांचेही हात हलू लागले. लांजेवार नावाची एक मुलगी, पुढेच बसते, तिनं कापूस काढायला लावून विचारलं, "दादा, थे हासते कशी?"
गळ्यातून येतं तिचं हसणं. मोठ्ठं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तिला सोडून.
तीनदा करून पाहिलं. नाही जमलं. उठून विहिरीकडे गेलो.

२० ऑगस्ट
उद्या पहिल्या गाडीनं जातोच. तुमसरला स्टँडबाहेर पाय टाकणार नाही. बाईंनी परस्पर गुरुजींना पत्र टाकलंय, ती इथं येईस्तोवर पोरीचं नाव परत पटावर घ्या म्हणून. मला आज कळलं.

दुपारी. शिपाई हाक मारून गेला. "काहून बे, इथं लपून बसला? आंबागडचे गुरुजी आले ना. बाईजवळ बसून हायेत."
एकटेच?
"म्या कुठं पाह्यलं!"
पलीकडच्या खोलीतून बाईंचा आवाज येतोय. विचारताहेत, पोरीचा ताप उतरला का.