खोतांची मोटार घ्यावी की नाही

बय,

तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि तुझ्याशी बोलायला मला कधी कागद लागला नव्हता. तरी आज भर दुपारी दार लोटून लिहायला बसलो आहे. श्रावण चालू आहे, घाटात दरड आली आहे, वरून मोटारी उतरत नाहीत, त्यामुळे हाताला काम नाही. तुला माहीत नाही, पण मी आता मोटारी दुरुस्त करतो. तू गेल्यावर दोन महिन्यांनी मुंबईला गेलो. एका मोटारीच्या कारखान्यात आधी फरशी पुसली, मग नट आवळायचे पाने उचलून दिले, आणि कितीतरी वर्षांनी इंजिनाला हात लावू दिला. आता महाडात बाजाराच्या टोकाला माझं स्वतःचं पत्र्याचं छप्पर आहे. महाबळेश्वरहून उतारू घेऊन येणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारी इथे थांबतात. लग्न झालं. तुझी सून तुडीलची, सावित्री नदीच्या काठची. तुला तिने पाहिलं नाही, पण दिवा लावताना तुझं नाव घेते.

तुला ते कुलूप आठवतं का? बाबांनी मुंबईहून पितळेचं कुलूप आणलं होतं. कुलपात ठेवण्यासारखं आपल्याकडे काही नव्हतं, तरी आणलं होतं. ते मी खोलून टाकलं. आतल्या पट्ट्या, स्प्रिंग, सगळं चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर मांडलं, आणि परत बसवता येईना. तू तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस. पिठाच्या हाताने माझ्या पाठीत एक घातलास आणि म्हणालीस, हे लागल्याशिवाय तुला भाकरी नाय. मी बसलो. तूही जेवली नाहीस. दिवस कलायला लागला तेव्हा ते कुलूप खट्‌ करून लागलं. तू भाकरी वाढलीस आणि कुलपाकडे बघितलंही नाहीस. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, माझा धंदा मला त्या चुलीपाशी मिळाला. असं मी कारखान्यातल्या लोकांना पुष्कळदा सांगितलं आहे, आणि ते सगळं खरं नाही. पण ते नंतर.

गेल्या माघात खोतांच्या मुलाचा निरोप आला. जुने खोत दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा पुण्यात वकिली करतो, पोलादपूरचं घर बंद करायला आला होता. वडिलांची जुनी विलायती मोटार गोठ्यात पडून आहे, आठ दिवसांत भंगारवाला येणार आहे, त्याआधी तुला बघायची असेल तर ये, असं त्याने सांगून पाठवलं. त्या घराशी आणि त्या मोटारीशी माझं काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी नाही म्हणून कळवणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिसच्या मोटारीत बसून पोलादपूरला उतरलो.

गोठ्यात म्हशी नव्हत्या, नुसती ती होती. टपाचं कापड फाटून लोंबत होतं. मागच्या बैठकीचं चामडं उंदरांनी खाल्लं होतं आणि आतल्या काथ्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. पायाखालच्या फळ्या वाळवीने पोकळ झालेल्या. चाकं मधल्या वाटीपर्यंत मातीत बसली होती. मी खाली वाकून, आडवा होऊन सगळं पाहिलं. विलायती मोटारीचं एक दुखणं असतं. नटांची मापं वेगळी. माझ्याकडचे सगळे पाने अमेरिकन मोटारींचे, ते हिला लागत नाहीत. सुटा भाग हवा तर बोटीने यायची वाट पाहा, नाहीतर स्वतः घडव. कुणीही शहाणा कारागीर म्हणाला असता, राहू दे. मी हँडल बसवलं आणि जोर केला. मला वाटलं होतं इंजिन गंजून आवळलं असेल. ते हललं. जड, पण हललं. खोतांचा मुलगा दारात उभा राहून विचारत होता, काही होण्यासारखं आहे का. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो.

बय, त्या मोटारीला मी चौदा वर्षं शिव्या दिल्या आहेत. फाल्गुनात तू रानात पातेरा गोळा करत होतीस आणि पानांखालचं फुरसं हाताला चावलं. दोन दिवस भगत झाले, मुळ्या झाल्या. तिसऱ्या सकाळी तुझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा बाबा म्हणाले, म्हाडला न्यायची. घोंगडीची झोळी बांबूला बांधली. मी, मामा आणि वाडीतले दोघे, असे चौघे. दोघांनी उचलायची, दोघांनी दम घ्यायचा. बाबा झोळीच्या बाजूने चालत होते. एका हाताने सागाचं पान तुझ्या तोंडावर धरलेलं, दुसऱ्या हातात तुझा हात. वाडी उतरलो, पोलादपूर मागे टाकलं, खालचा ओढा ओलांडला, आणि महाडच्या सडकेला लागलो. ऊन डोक्यावर आलं होतं. तेव्हा मागून मोटार आली. त्या वेळी अख्ख्या खोऱ्यात एकच मोटार होती. मामा सडकेच्या मधे जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला. मोटार हळू झाली. खोत मागच्या बैठकीवर एकटेच बसले होते. त्यांनी झोळीकडे पाहिलं, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले, आणि मोटार मामाला वळसा घालून निघून गेली. बाबांनी हात वर केला नव्हता. ते तसेच पान धरून उभे होते. महाडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. डॉक्टरांनी बाहेर येऊन घोंगडी बाजूला केली आणि पुन्हा झाकली.

मी मुंबईला गेलो तो दोघांवरचा राग घेऊन. खोतांवर, कारण ते थांबले नाहीत. बाबांवर, कारण त्यांनी हात वर केला नाही. खोतांचा राग मी बोलून दाखवत असे. दर शिमग्याला वाडीवर आलो की पडवीत बसून बोलायचो, मोटार थांबली असती तर बय वाचली असती. बाबा ऐकून घेत. त्यांच्यावरचा राग मात्र मी कधी तोंडातून काढला नाही. फक्त त्यांच्यासमोर फार वेळ बसायचो नाही.

पोलादपूरहून परत आलो आणि तुझ्या सुनेला सांगितलं, ती मोटार घ्यावी असं मनात आहे. घोंगडीतून माणसं आणतात, निम्मी वाटेत जातात. ती मोटार नीट केली तर पोलादपूरहून महाडला आजारी माणूस तासाभरात पोचेल. ज्या मोटारीने तुला टाकलं तिनेच आता माणसं वाहावीत. मी हे पुष्कळ वेळ बोलत होतो. ती मासे साफ करत होती. शेवटी तिने विचारलं, "वाडीवर चढणार हाय का ती?" मी म्हटलं, नाही, सडकेपर्यंतच. ती म्हणाली, "म्हंजे सडकेपर्यंत घोंगडीच." मग हात धुऊन म्हणाली, घ्यायची तर घ्या, पण मी तिच्यात बसणार नाही. आईंना ज्याने तिथं टाकलं त्याच्या बैठकीवर मला बसायला सांगू नका. तिचं दोन्ही बाजूंनी बरोबर होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. बाबांना विचारल्याशिवाय ती मोटार घेणं मला जमलं नसतं. ते पडवीत अंबाडीचा दोर वळत होते. आता पाठीतून पार वाकलेत, पण हात चालतात. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. मोटार विकायची आहे, मला ती दुरुस्त करता येईल, पण ती तीच आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर भंगारात जाऊ दे. त्यांनी दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं ते सोडलं. मग म्हणाले, "मोटार आली तवा ती नव्हती रे."

मला समजलं नाही. मी विचारलं, कोण नव्हती. तर म्हणाले, "तुजी बय. ओढा उतरलो ना, पानी पार केलं, तवाच गेली. हात माज्या हातात व्हता. मला कळलं."

ओढा म्हणजे पोलादपूरच्या खालचा. तिथून मोटार भेटली ती जागा चांगली अर्ध्या कोसावर. आणि तिथून महाड चार कोस. बय, चार कोस आम्ही तुला खांद्यावरून नेलं. मामा सारखा म्हणत होता, पाय उचला, पाय उचला. माझ्या खांद्याची सालं निघाली होती. मी बाबांना विचारलं, मग तुम्ही बोलला का नाही? माझा आवाज चढला असावा, कारण बाबांना रांधून घालणारी काकू आतून दारात येऊन उभी राहिली. बाबांनी दोर परत हातात घेतला. म्हणाले, "तुमी चालत व्हता. मला वाटलं, आजून थोडं चालू द्या."

मी मोटारीचं पुन्हा विचारलं तर म्हणाले, लोखंड हाय, घे नायतर नको घेऊ. संध्याकाळच्या आत मी वाडी उतरलो. वाटेत एका दगडावर बसलो. चौदा वर्षं मी ज्याच्यासमोर बसलो नाही त्या माणसाने चार कोस एक थंड हात धरून ठेवला होता, तोंडावर पान धरलं होतं, आणि आम्हाला कुणाला कळू दिलं नव्हतं. तो माणूस हात वर कसा करणार होता? आणि कशासाठी करणार होता?

खोतांचं काय, तेही त्या दगडावर ठरवावं लागलं. मोटार थांबली असती तरी तू वाचली नसतीस. पण खोतांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी झोळीत जिवंत बाई पाहिली आणि पुढे गेले. ते पाप त्यांच्याकडे राहतंच. फक्त तुझं मरण त्यात नाही, हे मला मान्य करायला लागलं. ते सोपं गेलं नाही. इतकी वर्षं पोसलेला राग असा एका वाक्याने रिकामा झाला की माणूस हलका होत नाही, बय. दोन दिवस कामावर बसून नुसता पाने पुसत होतो.

आठवा दिवस उजाडला तेव्हा पोलादपूरला गेलो आणि मोटार घेतली. खोतांच्या मुलाला काही सांगितलं नाही. तो बापाच्या आठवणी काढत होता, दादांना या मोटारीचा फार अभिमान होता म्हणत होता. मी मान हलवली. चाकं मातीतून उकरून काढली, पुढे बैलजोडी बांधली. गाडीवान बैलांच्या पुढे चालला आणि मी सुकाणूला बसलो. ओढ्यापाशी बैल पाणी प्यायला थांबले. तिथे मी उतरलो. उन्हाळा लागत होता, पाणी घोट्याएवढंच होतं. तू इथे गेलीस हे आता मला ठाऊक होतं, पण नेमकी कुठे, पाण्यात की चढावर, ते बाबांना विचारायचं राहून गेलं. गाडीवान म्हणाला, चला, बैल तापतात. मी परत चढून बसलो.

चार महिने लागले. फळ्या नव्या घातल्या, मागच्या बैठकीऐवजी लांब बाकडं केलं, म्हणजे माणूस आडवा झोपेल. पाने स्वतः घासून केले. ज्येष्ठात इंजिन लागलं. आतापर्यंत तिघांना तिच्यातून आणलं. दोन जण घरी परत गेले. तिसरी बाळंतीण होती, पलीकडच्या वाडीची. सडकेपर्यंत तिला घोंगडीतूनच आणली होती आणि तिथेच उशीर झाला होता. तिला त्याच बाकड्यावरून परत पोचवली. तिचा नवरा माझ्याशेजारी पुढे बसला होता. मी मोटार जोरात हाकली नाही. तुझी सून अजून तिच्यात बसलेली नाही. बाबांना एकदा बसा म्हटलं तर म्हणाले, मला कुटं जायचं हाय.

गावात आता लोक सांगतात, याची आई वाटेत गेली म्हणून याने मोटार केली. शाळेचे मास्तर मुलांना सांगतात. मी कुणाला खोडून काढत नाही. हा कागद मी बाबांना वाचून दाखवणार नाही, घरातही नाही. कुलपाच्या गोष्टीत जे खरं नाही ते तुला एकटीला सांगतो. मामा सडकेवर हात वर करून उभा होता तेव्हा बांबूचं पुढचं टोक माझ्या खांद्यावर होतं. मोटार मी तोपर्यंत इतक्या जवळून पाहिली नव्हती. पितळेचे दिवे उन्हात तापून झगझगत होते, पुढचा पत्रा आतल्या धडधडीने हलत होता, आणि गरम तेलाचा वास आला. खोत काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. त्यांच्याकडे मी पाहतही नव्हतो. ती समोरून वळून जाईपर्यंत, बय, तू माझ्या खांद्यावर आहेस हे मी विसरलो होतो.