बबनरावांच्या तोंडाची व्यवस्था

चोवीस वर्षांच्या मुलीने मृत्युपत्र करावे का? याचे उत्तर मला देता येत नाही. आमच्या वस्तीत आजवर कुणी केलेले नाही.

मी, आम्रपाली शहादेव जोगदंड, बी.ए., घरातली पहिली पदवीधर, रा. खडकवस्ती, चौसाळ्याजवळ, जि. बीड, पूर्ण शुद्धीवर हे लिहिते. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. दबाव आहे, म्हणूनच लिहिते.

१. कारण. दोन वर्षांपूर्वी सरकारी पाणी योजनेतून घरोघर नळ बसले. प्रत्येक बाईला नळाशेजारी हंडा घेऊन उभे केले, फोटो काढला, योजना पूर्ण झाली. पाणी आले नाही. बायांनी नळ काढून मला दिले. त्या नळांतून मी योजनेचे ठेकेदार व माजी सरपंच बबनराव यांचा चेहरा केला, पत्र्यावर तारेने बांधला आणि आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीला लावला.

बबनरावांना तो वाढदिवसाचा फलक वाटला. चार माणसे घेऊन आले, शेजारी उभे राहून फोटो काढले. "पोरीनं लई हुबेहूब केलंय. नाक तेवढं मोठं झालं."

शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या, "असू द्या की तात्या. त्या नाकातून तरी पाणी येतंय का बगा. आमच्याकडं न्हाई आलं."

लोक हसले, तेव्हा बबनरावांना चित्र कळले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या हरिओम आला. "म्याडम, शुक्रवारी तात्यांचा वाढदिवस हाय. तवर हे तोंड काढा, न्हाईतर मृत्युपत्र करून ठेवा."

मी सूचना गांभीर्याने घेते.

२. घर वडिलांच्या नावावर आहे, ते त्यांचेच. पदवीचे प्रमाणपत्र आई चतुराबाई हिला. खुरपणी तिने केली, परीक्षा फक्त मी दिली.

३. पान्हा, पक्कड, ड्रिल व उरलेली तार वस्तीच्या बचत गटाला. रस्त्याचे काम लवकरच कागदावर पूर्ण होईल. तेव्हा कुणाचा तरी चेहरा लागेल.

४. माझा राग भाऊ सौरभला देत नाही. तो दोन दिवसांत विसरेल. रागही आईलाच.

५. बबनरावांना दिलगिरी. नाक खरेच मोठे झाले. त्याहून लहान तोटी मिळाली नाही.

६. चित्र. वडील म्हणाले, "बाई, काढ ते. आपल्याला इथंच ऱ्हायचंय." मी म्हटले, इथेच राहायचे आहे म्हणून तर केले. ते दोन दिवस भिंतीकडे पाठ करून जेवले. त्यांची भीती खरी आहे. शुक्रवारनंतर चित्र उरले नसते, आणि सगळ्या वस्तीचे नळ त्यात असल्याने पाणी न आल्याचा पुरावाही उरला नसता.

म्हणून चित्र कोणालाही देत नाही. आज सकाळी धोंडीराम यांच्या टेम्पोतून ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नेले आणि तक्रारीसोबत जमा केले. तिथे आमची योजना पूर्ण अशी नोंद आहे. आवक लिपिकाने चेहऱ्याकडे बघत विचारले, "काय लिहू?" मी सांगितले. त्यांनी तसेच लिहून पोच दिली, सहीशिक्क्यासह: 'कोरडे नळ, नग ८७, मिळाले.'

आम्रपाली शहादेव जोगदंड

आमच्यासमक्ष सही केली:
१) वत्सलाबाई (डावा अंगठा)
२) धोंडीराम, टेम्पोचालक

खडकवस्ती, १२ फेब्रुवारी २०२५