उतरली असेल कुठेतरी

१२ मार्च, संध्याकाळ
ही अजून आली नाही. सकाळी ग्लायडर घेऊन बर्फाच्या डोंगरांपलीकडे गेली. बिनइंजिनाचं विमान! वारा पडला की दिसेल त्या शेतात उतरायचं आणि नवऱ्याला फोन करायचा, ट्रेलर घेऊन या. माझा अर्धा संसार शेताशेतातून विमान गोळा करण्यात गेला. आज फोनही नाही. चार्ज करायचा आळस, दुसरं काय!
संकल्प : यापुढे उड्डाण फक्त रविवारी. ठणकावून सांगणार.

१३ मार्च
हिच्या ग्लायडर क्लबचे प्रशिक्षक सकाळीच हजर. चेहरा सुतकी. म्हणाले, काल दुपारी शिखरांवर एकदम ढग उतरले, त्यानंतर वहिनी रेडिओवर बोलल्या नाहीत. म्हटलं, पलीकडच्या खोऱ्यात उतरली असेल. कुणाच्या तरी घरी चहा पीत बसली असेल. हिला ओळख काढायला वेळ लागत नाही. ते हसले नाहीत.
ट्रेलरच्या चाकांत हवा भरून आणली.

१५ मार्च
हेलिकॉप्टरवाले शोधतायत. म्हणे, पांढरं विमान, पांढरा बर्फ, दिसणार कसं? माझं चष्म्याचं दुकान आहे. आधी आले असते तर सगळ्यांचे नंबर तपासून दिले असते.

१८ मार्च
मुलगी आली. एकटीच. डोळे सुजलेले. जावयाशी बिनसलंय वाटतं. आईचं कपाट उघडून बसली होती. म्हटलं, कपडे विस्कटू नकोस, ती आल्यावर बोलणी मला खावी लागतील. तर हुंदकेच द्यायला लागली. प्रकरण गंभीर दिसतंय. आई आली की काढेल समजूत. मला असलं जमत नाही.

२४ मार्च
शोध थांबवला. बर्फ वितळल्यावर बघू म्हणे. तोवर ही काय तिथे ताटकळत बसणार?
दुकान बंद ठेवलंय. साफसफाई काढली आहे.
साफसफाई उद्यापासून.

९ एप्रिल
आता मात्र रागावलोय. उशिरालाही काही मर्यादा असते. आली की दोन दिवस अबोला. निदान एक.
प्रशिक्षक येऊन बसले. म्हणाले, वहिनींसारखं वाऱ्याची नस ओळखणारं कुणी नव्हतं. मी सुधारून दिलं : कुणी नाही. चहा अर्धाच टाकून गेले.

२ मे
फोन आला. हिचा नाही. वर मेंढ्या चारणाऱ्याला पंख दिसला.
प्रशिक्षक म्हणाले, तुम्ही येऊ नका, ट्रेलरची गरज नाही. म्हटलं, हिचं विमान आजवर दुसऱ्या कुणी आणलंय का?

४ मे
गेलो. मुलगी सोबत होती.
ही खुर्चीतच होती. पट्टे बांधलेले. ओळख पटवा म्हणाले. पटवली. मग त्यांच्या गाडीतून तिला खाली नेलं. विमानाचे तुकडे चौकशीसाठी तिथेच ठेवायचे होते. ट्रेलर रिकामाच परत आणला.
उतारावर रिकामा ट्रेलर फार उसळतो. मुलगी म्हणाली, बाबा, गाडी बाजूला घ्या. घेतली. म्हणाली, आता तरी रडा. म्हटलं, थांब, मागून कुणी येतंय का बघतो.
बराच वेळ आरशात बघत होतो.
रस्ता मोकळाच होता.