अल हैलमध्ये स्नो ब्लोअर

शुक्रवार, १५ एप्रिल २०१६

आज ठरलं. मजीदभाईंना सोडायचं नाही.

घटना लिहून ठेवतो, म्हणजे पुढे राग कमी व्हायला नको. १४ एप्रिलच्या जयंतीचा घरगुती कार्यक्रम आज सुटीच्या दिवशी होता. मस्कतमधली आपली बरीच मंडळी अल हैलला आमच्याकडे आली होती. वंदना झाली, खीर वाढली, आणि शेजारच्या मजीदभाईंनी गल्लीत त्यांचा पालापाचोळा उडवायचा ब्लोअर सुरू केला. वाळू भिंतीवरून थेट आमच्या व्हरांड्यात. पाहुण्यांच्या चपला भरल्या. खीर कचकच लागायला लागली.

मी भिंतीपाशी जाऊन अत्यंत सभ्य भाषेत म्हणालो की आपली वाळू आपल्याकडे ठेवा. मजीदभाईंनी मशीन बंद केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, अहो लोकेशसाहेब, वाळूला काय कुणाचा पत्ता माहीत असतो?

पाहुणे हसले. तृप्ती सगळ्यात जास्त हसली. माझी बायको!

मी सूडबुद्धीचा माणूस नाही. पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

गुरुवार, २१ एप्रिल

देव मानत नाही, पण आज योगायोग जबरदस्त. ऑफिसातला कॅनेडियन इंजिनिअर कायमचा परत चालला. त्याच्या कंपनीने येताना त्याचं अख्खं घर कंटेनरमध्ये भरून आणलं होतं, त्यात बर्फ उडवायचं मशीनही आलं. स्नो ब्लोअर. कुणीच नेईना. मी हात वर केला.

मजीदभाईंचा ब्लोअर हातात धरायचा. हा गाडीएवढा, स्वतःच्या चाकांवर चालतो. पुढे फिरती पाती, वर नळकांडं. नळकांडं वळवावं तिकडे बर्फ. म्हणजे वाळूही.

श्वेता म्हणाली, Baba, there is no snow here. शाळेत इंग्लिश शिकवतात, विचार करायला शिकवत नाहीत.

शनिवार, २३ एप्रिल

मशीन सुरू होत नाही. दोरी ओढून खांदा गेला. हरकत नाही. पेट्रोल कॅनडाचंच होतं, बहुतेक मरून गेलं असावं. ओतून दिलं. मॅन्युअल वाचलं, अर्धं फ्रेंचमध्ये आहे. मी क्वालिटी कंट्रोल इंजिनिअर आहे, मॅन्युअल हे सामान्य लोकांसाठी असतं.

शोध लागला: दोरीशिवाय विजेवरही सुरू होतं. उद्या खलास.

रविवार, २४ एप्रिल

स्टार्टरवर १२० व्होल्ट लिहिलंय हे मी पाहिलं होतं. किमान तेवढे हवेत असा अर्थ घेतला. आपल्याकडे २४० आहेत, म्हणजे भरपूर. मशीन एकदा किंचाळलं. मग धूर, मग घरातली सगळी वीज गेली. मेन ब्रेकर जळाला. इलेक्ट्रिशियन म्हणतो, उद्या, इन्शाल्ला.

मजीदभाईंनी न विचारता भिंतीवरून एक्स्टेंशन वायर टाकली. घेतली. युद्धात शत्रूचा दारूगोळा वापरतातच. फ्रीजरमधले बोंबील मात्र तृप्तीने त्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवायला दिले. म्हणजे ओलीस.

शुक्रवार, ६ मे

कार्बोरेटर उघडून डायनिंग टेबलवर साफ केला. आतल्या बारीक भोकात कचरा होता, तृप्तीच्या साडीच्या पिनेने काढला. तृप्तीने विचारलं, जेवण कुठे वाढू? मी म्हटलं, इतिहास घडतोय. तिने जमिनीवर वाढलं.

संध्याकाळी सुरू झालं!! निळा धूर, भयंकर आवाज. मजीदभाई भिंतीवरून डोकावले. हात हलवला त्यांनी. हलवा म्हटलं, किती दिवस हलवताय बघू.

लगेच पाती अडकली, टक् आवाज झाला. पाती जोडणारी एक पिन तुटली. खडा लागला तर तुटते. कॅनडासारख्या देशात इतका दोन नंबरचा माल!

शनिवार, ७ मे

मॅन्युअल म्हणतं, ही पिन मुद्दाम मऊ असते, आधी ती तुटावी म्हणजे गिअरबॉक्स वाचतो; दुसरा बोल्ट घालू नये. यामागचा डाव मी ओळखला. सारख्या पिना विकायच्या. साइटवरून हाय टेन्साइल बोल्ट आणला, टेस्ट सर्टिफिकेटसह. सर्टिफिकेट फाइलला लावलं. हा बोल्ट तुटणार नाही. मी तुटेन.

आता फक्त संधी हवी. मजीदभाई घरी असताना करणं बरोबर नाही. भीती नाही, पण बघतील.

शुक्रवार, १० जून

रोजे सुरू झाले. मजीदभाईंच्या बायकोकडून, अमीरुन्निसाभाभींकडून, इफ्तारीची ताटली आली. समोसे, खिमा, तांदळाच्या पिठाचे घावणे. मी जाहीर केलं, या घरात ती ताटली कुणी शिवायची नाही. घावणे थंड व्हायला लागले तेव्हा माणुसकी म्हणून खाल्ले.

ताटली रिकामी परत पाठवायची नसते, काहीतरी घालूनच द्यायची. म्हणून मी ठरवलं, द्यायचीच नाही. बसा म्हणावं वाट बघत.

शुक्रवार, २४ जून

त्यांच्याकडून अजून ताटल्या येतायत. वाट बघतायत असं दिसत नाही. आमची मांडणी भरली. काल मी जेवलोही त्यांच्याच ताटलीत. तृप्ती म्हणाली, भाभी काय म्हणतील, मला तोंड दाखवायला जागा ठेवा. तिची एवढी एकच मैत्रीण आहे गल्लीत, ठाऊक आहे. पण युद्धात थोडं सहन करावं लागतं.

शुक्रवार, १ जुलै

मजीदभाई सहकुटुंब ईदला दापोलीला गेले. महिनाभर! जाताना चावी तृप्तीकडे, त्यांच्या लिंबाच्या झाडाला पाणी घालायला. मला म्हणाले, लोकेशसाहेब, घराकडे जरा लक्ष असू द्या हां.

असेल. पूर्ण लक्ष असेल.

शुक्रवार, १५ जुलै

विचित्र प्रकार. मजीदभाई नाहीत, ब्लोअर बंद, तरी आमच्या फाटकासमोर वाळू वाढतेय. गाडी काढताना चाकं रुततात. जाण्याआधी त्यांनी काहीतरी करून ठेवलं असावं.

तृप्तीला हे सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, अहो, वाऱ्याने येते ती वाळू. दर शुक्रवारी मजीदभाई आपलं फाटक साफ करायचे, तुम्ही दहापर्यंत झोपलेले असता. जयंतीलाही मीच सांगितलं होतं त्यांना, पाहुण्यांच्या गाड्या निघताना रुतू नयेत म्हणून. वारा फिरला त्याला ते काय करणार?

बराच वेळ विचार केला. न सांगता उपकार करायचे म्हणजे समोरच्याला आणखीच खाली पाडायचं. हा अपमान पहिल्यापेक्षा मोठा आहे. पुढचा शुक्रवार पक्का.

शुक्रवार, २२ जुलै

सकाळी सात. यल्ला, चला. मशीन तिसऱ्या ओढीला सुरू. नळकांडं मजीदभाईंच्या पोर्चकडे. काय वाळू उडाली! भिंतीवरून कमान करून पलीकडे. त्या पाच मिनिटांत मी एप्रिलपासूनचं सगळं वसूल केलं.

मग पात्यात काहीतरी आलं. हिरवा होज पाइप. तृप्ती आमच्या नळाला पाइप लावून, फाटकातून नेऊन, त्यांच्या लिंबाला पाणी घालते. वाळूखाली गाडला गेला होता. पात्यांनी तो गुंडाळायला घेतला. नळ भिंतीतून उपटून आला. बोल्ट तुटला नाही. सर्टिफिकेटप्रमाणेच. गिअरबॉक्स फुटला.

पाणी बंद होईपर्यंत वाळूचा चिखल झाला. मशीन बरोबर आमच्या फाटकात, चाकं जाम, हलत नाही. गाडी आत अडकली.

दुपारी तृप्तीने माझ्या हातात झाडू दिला. मजीदभाईंचा पोर्च झाडला. पुरावे नष्ट करणं हा मूळ योजनेचाच भाग होता.

रविवार, ३१ जुलै

चिखल वाळून घट्ट झाला. रोज टॅक्सीने ऑफिस. लिंबाला बादलीने पाणी घालतो. मीच. तृप्ती फक्त बादली पुढे करते.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

मजीदभाई आले. मशीनभोवती एक चक्कर मारली, वाकून बोल्ट बघितला, माझ्याकडे बघितलं. त्यांच्या पिकअपला दोर लावून मशीन ओढून बाहेर काढलं. मग म्हणाले, लिंबू मस्त वाढलंय हो.

संध्याकाळी तृप्तीने पुरणपोळ्या केल्या आणि ताटल्यांची चळत माझ्या हातात दिली. प्रत्येकीत एक पोळी, वर पुढची ताटली. दारात भाभी म्हणाल्या, अगो बाय, मला वाटलं फुटल्या म्हणून लाजताय! मी हसलो. फुटल्याच असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

मजीदभाईंची कंबर धरलीय. सकाळी आठला बेल वाजवून त्यांचा ब्लोअर माझ्या हातात दिला. आज तुम्ही मारा, म्हणाले, दोन्ही फाटकं.

मारली. वारा फिरला. समोरचा रुपेश मस्कतमधल्याच दार्सैतहून नुकताच राहायला आलाय, त्याच्या ताज्या धुतलेल्या पांढऱ्या गाडीवर सगळी वाळू. तो लुंगीवर बाहेर आला. काय चाललंय, म्हणाला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, अहो, वाळूला काय कुणाचा पत्ता माहीत असतो?

भिंतीपलीकडे मजीदभाई कंबर धरून हसले. मीही हसलो. रुपेश हसला नाही. त्याचं लक्ष कडेला उभ्या असलेल्या स्नो ब्लोअरकडे गेलं. बराच वेळ बघत राहिला. ती नजर मी ओळखतो.

हे मशीन चालतं का, त्याने विचारलं.

थोडं काम आहे, म्हटलं. घेऊन जा.

मॅन्युअलही दिलं. बोल्टबद्दल सांगावं असं एकदा वाटलं. पण लुंगीवर येऊन तो ज्या आवाजात बोलला, तो मला आवडला नव्हता.