तुलनेचं रक्त

४ मार्च, सोमवार
दिलं बाई एकदाचं रक्त! मुलगा रंगाच्या कारखान्यात पूड कालवतो. त्या पुडीनं पुढेमागे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून तिथल्या सगळ्यांची तपासणी चाललीय — पेशीतल्या डीएनएला किती इजा झाली ते मोजतात. तुलनेला घरचं एक माणूस हवं, रंगाशी संबंध नसलेलं. "आईला घ्या," मुलगा म्हणाला, "कोरी करकरीत आहे!" मेल्याची जीभ पाहा.

५ मार्च
सुनेला सहावा महिना, तरी नवऱ्याचे कपडे घेऊन मोरीकडे निघालेली! हिसकावले. गोड बातमी कळली तेव्हाच ठरलंय ना, कपडे माझ्याकडे!
"आई, तुमचे गुडघे…"
"गुडघे माझे. त्यांचं काय लोणचं घालायचंय?"
रुसली. मी मोरीचं दार लावून नेहमीसारखे कपडे खच्चून झटकले. निळी पूड नुसती उडते! घरभर नको व्हायला.

११ मार्च
निकाल अजून आला नाही. मुलाचं काही वाईट निघालं तर? घरात बाळ येऊ घातलंय.

२० मार्च
प्रयोगशाळेतल्या मुलीनं पडद्यावर चित्र दाखवलं. "आजी, धड पेशी अशी गोल दिसते. डीएनए तुटलं की मागे शेपूट निघते, धूमकेतूसारखी."
मुलाच्या पेशी बऱ्यापैकी गोल! मास्क, हातमोजे, सगळं नेमानं घालतो. माझा जीव भांड्यात पडला.
"आणि माझी शेपूट?" म्हटलं, "की गेल्या जन्मीच गळली?"
ती हसली नाही. पुन्हा रक्त घेतलं. मग हळूच — "आजी, याचे कपडे घरी कोण धुतं?"

२७ मार्च
पुन्हा तेच. शेपट्या माझ्याच लांब. मास्क लावून काम त्यानं केलं, दार लावून पूड मी खाल्ली!
"म्हणजे कॅन्सर झाला असं नाही," प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली. "पूड थांबली की शरीर बरीचशी डागडुजी करतं. पण आता ते कपडे घरी आणायचेच नाहीत."
मुलगा डोकं धरून बसला. "आई, मी तुला कोरी म्हणालो गं…"
"उठ," म्हटलं. "भूक लागलीय मला."

२८ मार्च
सून बिलगून रडली. तिच्या पोटावर हात ठेवला, तर आतून सणसणीत लाथ!
बरं झालं बाई, कपडे हिसकावले.