जाऊ द्या

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रास उत्तर देण्यास महिना लागला, क्षमस्व. हिला जाऊन येत्या शनिवारी दोन महिने होतील. तेव्हापासून मी हिच्या पलंगासमोरच्या टेबलाशी बसून असतो; खोलीबाहेर पडण्यास कारण सापडत नाही. लेक दोन वेळा ताट आणून ठेवते आणि पावले न वाजवता जाते.

माझा ग्रीक-मराठी शब्दकोश एका क्रियापदापाशी अडला आहे: 'आफिएमी'. बायबलातील शुभवर्तमानांत ते पदोपदी येते. पापांची क्षमा करणे हा त्याचा एक अर्थ. परंतु कोळ्यांनी जाळी टाकून दिली, ताप रुग्णाला सोडून गेला, थडग्यातून उठून आलेल्याला मोकळे करून जाऊ देण्याची आज्ञा झाली, तेथेही तेच क्रियापद. अशा उदाहरणांच्या चिठ्ठ्यांचे मी दोन गठ्ठे केले आहेत: 'क्षमा' आणि 'मोकळीक'. एक वाक्य मात्र कोणत्याच गठ्ठ्यात बसेना. ते ग्रंथातले नाही.

पुढील मजकूर कोणासही सांगितलेला नाही. लेकीला नकाशा-कचेरीत नेमणूक मिळाली आहे, येथून दोन दिवसांच्या प्रवासावर. १ एप्रिलला रुजू व्हायचे. ते पत्र मी चिठ्ठ्यांच्या खोक्यात दडवले. आपली निवड झाली नाही, अशी तिची समजूत आहे. चिठ्ठ्यांची सुवाच्य प्रत ही करत असे, अंथरुणावरूनही. त्यामुळे ते हिच्या हाती लागले. मी कारणे सांगू लागलो: हिचे आजारपण, घर, माझे एकटेपण. हिने डोळे मिटून एवढेच म्हटले, की जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी ही गेली.

हिने मला क्षमा केली, या एका आधारावर मी बसून आहे. तरी ते पत्र खोक्यातून काढण्यास हात धजत नाही.

कळावे. लोभ आहेच, तो उणा होऊ नये.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. पंतोजी,
अनेक आशीर्वाद.

सात वर्षं तुझा कोश 'अ'च्या पुढे का सरकेना, ते आज कळलं. मला ग्रीक येत नाही, शिवणयंत्र येतं. पण माझी भावजय मला तुझ्याहून जास्त कळत होती. मी बाही आखूड बेतली म्हणून आठ दिवस अबोला धरणारी बाई ती! तू पोटच्या पोरीची वाट अडवलीस आणि तिनं ते दोन शब्दांत पोटात घातलं? अरे शहाण्या, ती तुला माफ करत नव्हती. पोरीला जाऊ द्या, म्हणत होती. जगाच्या भाषा शिकलास, घरातली तेवढी राहिली.

तू एकटा पडशील, हे खोटं नाही. पण पोर मला काय लिहिते, ठाऊक आहे? म्हणते, आत्या, नकाशे काढायला शिकले, पण माझा रस्ता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच.

पत्र काढ. आजच. मग हवं तेवढं रड.

तुझा कान धरायला हात पुरत नाही म्हणून लिहिणारी,
ताई

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून मी संतापलो. चार दिवस तुझे म्हणणे खोडून काढण्यासाठी पुरावे जमवले. पाचव्या दिवशी जे आठवले, ते खरे तर मी कधी विसरलोच नव्हतो: तसे म्हणताना हिचा हात माझ्या हातावर नव्हता, त्या पत्रावर होता.

पत्र लेकीच्या ताटाशेजारी ठेवले. तिने वाचले, घडी घातली आणि तीन दिवस चकार शब्द काढला नाही. आईवर गेली आहे. मग पेटीला दोरी आवळताना गाठीवर बोट धरण्यासाठी तिने मला हाक मारली. तेव्हा मी क्षमा मागितली. आयुष्यात प्रथमच, मराठीत. ती दोरी ओढत म्हणाली, की जाऊ द्या, बाबा. कोणत्या अर्थाने, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. गाठ बसली, बोट काढून घ्यावे लागले.

काल पहाटे ती गेली. पलंग, टेबल आणि मी, जेथल्या तेथे आहोत. चिठ्ठ्यांचे दोन्ही गठ्ठे एकत्र केले आहेत. दुपारी ताट आले नाही, तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेलो. मीठ कोठे ठेवलेले असते, हे मला ठाऊक नाही. लेकीने तुला कधी लिहिले असल्यास उलट टपाली कळवावे.

लोभ असू दे, रागही चालेल.
तुझा धाकटा